लग्न झालेलं घड्याळ

दुपारी सव्वादोनला आमच्या घरात जी शांतता असते, ती मी स्वतःच्या हातांनी घडवलेली असते. धाकट्याला मांडीवर थोपटायचं, मग मांडीवरून गादीवर सरकवायचं (ह्या कामाला बॉम्ब निकामी करणाऱ्याचे हात लागतात), थोरलीला रंगखडू आणि एक धमकी द्यायची, आणि फोन उशीखाली दाबायचा. एवढं केल्यावर चाळीस मिनिटं मिळतात. मी जे काही लिहिते ते ह्या चाळीस मिनिटांत. त्यामुळे माझ्या लिहिण्यात पाल्हाळ सापडला तर तो घाईघाईतला पाल्हाळ समजावा.

त्या दिवशी ही शांतता मोडली ती 'टक्' अशा आवाजाने.

आवाज ओळखीचा होता. सासऱ्यांच्या खिशातल्या घड्याळाचं झाकण मिटल्याचा. रोज जेवण झालं की ते झाकण उघडतात, आधी हातातल्या घड्याळाकडे बघतात, मग भिंतीवरच्या, आणि भिंतीवरचंच चुकलंय अशा चेहऱ्याने झाकण मिटतात. पण रोज हा आवाज त्यांच्या खोलीतून येतो. त्या दिवशी तो माझ्या कानाशी आला. मान वर केली तर सासरे टेबलाजवळ उभे होते आणि घड्याळ माझ्या वहीवर होतं.

"तुझ्या त्या प्रदर्शनात हे बसतं का बघ," ते म्हणाले आणि वळून निघून गेले.

ह्या वाक्याचं वजन कळायला दोन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, ते घड्याळ. सासऱ्यांच्या आजोबांचं, ज्यांना घरात सगळे मोठे आजोबा म्हणतात. ते छापखान्यात खिळे जुळवायचे. तीस वर्षांत एकदाही कामावर उशिरा आले नाहीत म्हणून मालकाने त्यांना हे चांदीचं घड्याळ दिलं. झाकणाच्या आत तसं कोरलेलं आहे: 'तीस वर्षे. एकही दिवस उशीर नाही.' सासऱ्यांना नोकरी लागली तेव्हा मोठ्या आजोबांनी ते त्यांच्या हातात ठेवलं. तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही, सासऱ्यांच्या पोटच्या मुलानेही नाही. आणि ह्या घरात शाळेची रिक्षा चुकली, दूध उतू गेलं, लग्नाला अक्षता पडल्यावर पोचलो, की सासरे काहीही बोलत नाहीत. फक्त खिशातून घड्याळ काढतात. ते वाक्य मग आपलं आपल्यालाच ऐकू येतं. मला तर गेली सात वर्षं जवळजवळ रोज ऐकू येतंय.

दुसरी गोष्ट, माझा छंद. मी खिशातली जुनी घड्याळं जमवते. 'जमवते' हा शब्द जरा मोठा आहे, कारण माझ्याकडे एकूण चार आहेत आणि ती बिस्किटांच्या डब्यात कापसावर मावतात. एक चालतं पण त्याला काटे नाहीत. एकाला काटे आहेत पण ते चालत नाही. तिसऱ्याची काच गेलेली आहे. चौथं म्हणजे नुसतं झाकण आहे, पण मी ते घड्याळातच मोजते. नवरा ह्या डब्याला 'अतिदक्षता विभाग' म्हणतो. सासरे आजवर काहीच म्हणाले नव्हते, आणि त्यांचं काहीच न म्हणणं मी नापसंतीच्या खात्यात टाकून ठेवलं होतं.

तर अशा माणसाने असं घड्याळ माझ्या वहीवर ठेवलं होतं.

प्रदर्शन आमच्या भागातल्या संग्राहक मंडळाचं होतं, वाचनालयाच्या सभागृहात. त्याचा फॉर्म मी दोन महिन्यांपूर्वी आणून फ्रिजवर चिकटवला होता, भाग घेण्यासाठी नव्हे, नुसतं बघत राहण्यासाठी. आता तो उतरवला.

लोकांना वाटतं, घड्याळ जुनं असलं की मौल्यवान. तसं असतं तर आमच्या इमारतीची लिफ्ट एव्हाना संग्रहालयात असती. घड्याळाचं मोल ठरतं ते वेगळ्याच गोष्टींवर. तबकडीला केसाएवढीही चीर नको. काटे जन्मापासूनचे हवेत. आतल्या चाकांच्या टोकांखाली बारीक लाल खडे बसवलेले असतात, म्हणजे धातूवर धातू घासत नाही. ते किती आहेत ते बघतात. (ह्या खड्यांना बाजारात काही किंमत नसते. हे मी सासूबाईंना तीनदा सांगितलं, तरी त्यांनी 'पण माणकंच ना?' असं तीनदा विचारलं.) डबी घासून चकचकीत केलेली नको, कारण घासलं की कोरीवकाम झिजतं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे बाहेरच्या डबीवरचा आणि आतल्या मशीनवरचा नंबर, दोन्ही एकमेकांशी जुळणारेच हवेत. हे सगळं ज्ञान मी धाकट्याला खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत फेऱ्या मारताना मिळवलेलं आहे. त्याला ढेकर उशिरा येतो, त्यामुळे ज्ञान बरंच आहे.

फॉर्मवर चौथा रकाना होता: 'केस क्रमांक'. फॉर्मच्या तळाशी: 'मालकीबाबत वाद असल्यास तपशील'.

मला केस म्हणजे डबी हे माहीत होतं. हे मी इथे स्पष्ट नोंदवून ठेवते. पण नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे काका साखर मागायला आले. ते कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेत आणि कुठलाही कागद दिसला की उभ्यानेच वाचतात. इमारतीत त्यांना उपसचिव म्हणतात, त्यांच्या तोंडावरही. त्यांना ते आवडतं.

"केस क्रमांक," ते चष्मा कपाळावर नेत म्हणाले. "म्हणजे कोर्टात केस आहे का ह्या घड्याळावर?"

"नाही हो काका, केस म्हणजे डबी."

"डबीला डबी म्हणतात. केसला केस म्हणतात. खाली बघा, मालकीबाबत वाद. मूळ मालक वारलेले. त्यांना मुलं किती?"

"पाच."

"पाच वारस, आणि घड्याळ एका नातवाकडे. केस नसेल तर नाही असा दाखला लागेल. आज नाही आणलात तर ऐन प्रदर्शनात कुणी चुलत येऊन उभा राहील."

उपसचिवांसमोर आपल्याला माहीत असलेली गोष्ट टिकत नाही, ह्याचा अनुभव इमारतीतल्या सगळ्यांना आहे. शिवाय त्या पाच वारसांपैकी एकाचा मुलगा खरोखरच ऐन वेळी उभा राहणाऱ्यांपैकी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याला कडेवर घेऊन मी कोर्टाच्या नोंदणी खिडकीसमोर रांगेत होते. पाऊण तासाने नंबर आला.

"केस नंबर?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"तोच आहे का ते बघायचंय."

"पक्षकार?"

मी जरा घुटमळले. "घड्याळ."

"घड्याळ विरुद्ध?"

एवढ्यात धाकट्याने त्यांचा शिक्का उचलून तोंडात घातला. तो काढून घेईपर्यंत त्याच्या खालच्या ओठावर 'आवक' उमटलं होतं. बाईंनी शिक्का पदराला पुसला, फॉर्म हातात घेतला, वाचला आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने मी थोरलीकडे बघते, जेव्हा ती बूट उलटे घालते.

"ताई, केस म्हणजे डबी. माझे मामा घड्याळं दुरुस्त करायचे."

'हे मला माहीत होतं' हे वाक्य जगात कुठेही, कुणीही, कधीही उच्चारलं तरी खोटं वाटतं. मी ते उच्चारलं आणि घरी आले.

घरी स्वयंपाकघरात सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. समोर वर्तमानपत्र, त्यावर दात घासायची पांढरी पावडर, जुना ब्रश, आणि आरशासारखं लखलखणारं घड्याळ.

"चार लोकांत जायचंय ते," त्या म्हणाल्या. "असं काळंकुट्ट पाठवलं असतं तर तुलाच नावं ठेवली असती."

मी खुर्चीत बसले. त्यांनी खऱ्या मायेने केलं होतं, आणि निगुतीने केलं होतं. 'एकही दिवस' मधल्या मात्रेत अडकलेला मळसुद्धा टाचणीने काढला होता. शंभर वर्षांत धरलेला रंग चाळीस मिनिटांत उतरला होता. त्याचं दुःख करायला सवड मिळाली नाही, कारण झाकण मिटायला गेले तर 'टक्' झालं नाही. 'खर्र' झालं. बिजागरीत पावडर गेली होती. झाकण अर्ध्यावर येऊन थांबलं, कंटाळलेल्या माणसाने जांभई थांबवावी तसं.

जेवण झालं की सासरे सवयीने घड्याळ बघायला मागणारच होते. सव्वादोनला.

मी धाकट्याला सासूबाईंकडे दिलं, थोरलीला शाळेतून उचललं आणि घड्याळजींकडे गेले. दवाखान्याच्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे, दीड माणूस मावेल एवढं. त्यात ते एक बसतात आणि उरलेल्या अर्ध्यात गिऱ्हाईक. ते डोळ्याला भिंग लावूनच बोलतात, आणि बोलतात ते घड्याळाशी.

"दात कुणी घासले तुझे?" त्यांनी घड्याळाला विचारलं.

बिजागरी साफ करायला पाच मिनिटं लागली. मग, आलेच आहे तर, म्हणून मी दोन्ही नंबर मागितले, रकाना चार डबीचा आणि पाच मशीनचा. त्यांनी मागचं झाकण उघडलं, आत डोकावले, पुन्हा डबी बघितली, पुन्हा आत.

"ह्याचं लग्न झालंय," ते म्हणाले.

मला काही कळेना. थोरलीला मात्र कळलं.

"कुणाशी?" तिने विचारलं.

"डबीशी. हे बघ, मशीन एका घरचं, डबी दुसऱ्या घरची. नंबर जुळत नाहीत. कुणीतरी नंतर बसवून दिलंय."

"मग ते भांडतात?"

"सुरुवातीला. जरा इकडून, जरा तिकडून कानशीने घासावं लागतं. मग चालतात."

माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला. "आणि किंमत?"

"डबी चांगली, मशीन चांगलं. पण लग्न झालं की किंमत पडते. संग्राहक हिंग लावून विचारणार नाहीत."

"ह्या मशीनची पहिली डबी कुठाय?" थोरलीने विचारलं.

घड्याळजींनी भिंग काढलं. त्यांना डोळेही आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"वितळवली असेल, बेटा. चांदीच्या असतात ना. नाहीतर असेल पडलेली कुणाच्या कपाटात. रिकामी."

मग त्यांनी मला डबीच्या आत एक ओरखडा दाखवला, सुईने काढल्यासारखा. दुरुस्ती करणारे आपली खूण आणि साल असं कोपऱ्यात खरवडून ठेवतात म्हणे. साल मला वाचता आलं. ते सासऱ्यांच्या नोकरीचं पहिलं साल होतं.

घरी येईपर्यंत मी सगळा उलगडा करून टाकला होता. सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी घड्याळ तेलपाण्याला टाकलं असणार, आणि त्या दुरुस्तीवाल्याने अस्सल मशीन काढून घेऊन दुसरंच बसवलं असणार. ते इतकी वर्षं खोट्या काट्यांकडे बघून आम्हाला खऱ्या वेळेचे धडे देत होते. आणि हे आता मी त्यांना सांगायचं? ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात काही ठेवलं, त्याला?

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "फॉर्मवर 'मूळ स्वरूपात आहे काय' ह्यापुढे 'होय' लिही. कोण उघडून बघतंय?" उपसचिव जिन्यात भेटले, म्हणाले, "'लागू नाही' लिहा. 'लागू नाही' ला कुणी आव्हान देऊ शकत नाही." सासूबाई म्हणाल्या, "त्यांना अजिबात कळता कामा नये, रक्तदाब वाढेल." आणि आपला स्वतःचा वाढल्यासारखं करून पंख्याखाली बसल्या.

तीन मोठ्या माणसांनी मिळून गुप्ततेचा एवढा पक्का बंदोबस्त केला. सव्वादोनला सासरे टेबलाशी येऊन बसले, आणि थोरली म्हणाली, "आजोबा, तुमच्या घड्याळाचं लग्न झालंय."

सासूबाईंचा हात पंख्याच्या बटणावर थांबला.

"कोण म्हणालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"जिन्याखालचे काका. मशीन वेगळ्या घरचंय. त्यांनी आत बघून सांगितलं."

सासऱ्यांनी घड्याळ उचललं. त्या झळाळीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. झाकण उघडलं, मिटलं. टक्.

"म्हणजे कळतं तर," ते म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले. माझा सगळा उलगडा माझ्याच डोळ्यांदेखत घरंगळत चालला होता.

"नोकरीला लागून आठ दिवस झाले होते," ते टेबलाकडे बघून बोलत होते. "बस सुटत होती. धावलो. खिशातून निसटलं, झाकण उघडलं आणि रस्त्याकडेच्या डबक्यात गेलं. भीतीने महिनाभर कपाटात लपवून ठेवलं. तसंच, ओलं. उघडलं तेव्हा आत नुसता गंज. दुरुस्तीवाला म्हणाला, ह्यातलं काही वाचत नाही, दुसरं मशीन आहे, बसवतो. बसवलं."

"बस का सुटत होती?" थोरलीने विचारलं.

सासऱ्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. "मला उशीर झाला होता," ते म्हणाले.

हे वाक्य ह्या घरात, त्या तोंडून, मी पहिल्यांदा ऐकलं.

"मोठे आजोबा पुढे नऊ वर्षं होते. शेवटी शेवटी डोळे गेले होते त्यांचे. रोज संध्याकाळी घड्याळ मागायचे, कानाला लावायचे आणि म्हणायचे, तोच आवाज."

"मग तुम्ही काय म्हणायचात, बाबा?" मी विचारलं.

"मी काय म्हणणार. चावी देऊन ठेवायचो." ते म्हणाले. "त्यांना खरंच कळत नव्हतं, की कळूनही म्हणत होते, हे काही मला आजवर समजलेलं नाही. तुझा तो डबा बघितला, वाटलं, तुला कळतंय का बघावं. कुणाला कळूच शकत नसेल तर मग त्यांनाही कळलं नसेल."

म्हणजे ते घड्याळ माझ्याकडे प्रदर्शनासाठी आलंच नव्हतं. ते तपासायला आलं होतं. आणि मी, माझं खांद्यावरचं सगळं ज्ञान घेऊन, नेमकं त्यांना नको असलेलं उत्तर घेऊन आले होते.

"बाबा, मला नाही कळलं," मी म्हणाले. "घड्याळजींनी उघडून, भिंगातून दोन्ही नंबर बघितले, तेव्हा त्यांना कळलं. नुसत्या आवाजावरून कुणालाच कळलं नसतं."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या बोलण्याचीही डबी आणि मशीन ते ताडून पाहत असावेत. मग त्यांनी मान डोलावली.

सासूबाई पंख्याखालून पुढे आल्या. "थांबा. म्हणजे त्या दिवशी स्टेशनवर मला पाच मिनिटं उशीर झाला, आणि तुम्ही ते घड्याळ काढून दाखवलंत. माझ्या आईसमोर. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी आमच्याकडे चहा तासभर उशिरा झाला. कुणीही खिशात हात घातला नाही.

फॉर्म सासऱ्यांनी स्वतः भरला. चौथ्या रकान्यात एक नंबर, पाचव्यात दुसरा. 'मूळ स्वरूपात आहे काय, होय अथवा नाही' ह्यापुढे त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: 'अर्धे'. दोन दिवसांनी मंडळाच्या सचिवांचा फोन आला की 'अर्धे' असा पर्याय नाही. सासऱ्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "मग 'नाही' करा. पण माणूस बरोबर येईल. तो सगळं सांगेल."

प्रदर्शनात आमचं टेबल शेवटी होतं, 'इतर' ह्या पाटीखाली, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी. सासरे दिवसभर उभे राहिले आणि येईल त्याला बस, डबकं, महिनाभराचं कपाट, सगळं क्रमाने सांगत राहिले. ऐकणारे अकरा जण होते. त्यातल्या एकाला खरं तर स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायचं होतं, पण तोही शेवटपर्यंत थांबला. एका संग्राहकाने घड्याळ हातात घेऊन 'कुणी घासलं हे?' म्हणून हळहळ केली. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "मी," त्या म्हणाल्या. "तुमचीही द्या आणून."

काल दुपारी सव्वादोनला मी पुन्हा वही उघडली होती. धाकटा गादीवर पोचला होता, थोरली माझ्या पायाशी बसून घड्याळ काढत होती, चार काट्यांचं. टक्. सासरे टेबलाशी उभे होते.

"उद्यापासून चावी तू देत जा," ते म्हणाले. "सकाळी सातला. बारा फेरे. तेरावा दिलास तर कुरकुरतं." घड्याळ वहीवर ठेवलं आणि जाता जाता म्हणाले, "सातला नाही जमलं तर आठला दे. चालेल."

ते 'चालेल' मी थोडा वेळ तसंच धरून बसले. मग घड्याळ उचलून कानाला लावलं. आवाज बारीक होता आणि एका लयीत होता. पहिला आवाज कसा होता ते आता सांगणारं कुणी नाही. मी थोरलीच्या कानाला लावलं. तिने डोळे मिटून ऐकलं, घड्याळजी बघतात तसं कपाळ आक्रसून.

"आई, तुझं पण लग्न झालंय ना?"

"हो."

"म्हणजे तू पण वेगळ्या घरचीयस. आजोबांकडची नाहीस."

"नाही. मी माझ्या आईबाबांकडची."

तिने रंगखडू खाली ठेवला. माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मग तुझी पहिली डबी कुठाय?"